सागाच्या मुलखात बारीक करवत

संसदेला आणि अयोध्येला सागवान पाठवणाऱ्या आपल्या दोन जिल्ह्यांत स्वतः लाकूड हातात घेणारी पोरं-पोरी किती असतील? स्क्रोल सॉ नावाचं एक छोटं यंत्र, त्याचा छंद आणि तान्ह्या पोळ्याचा नंदी, या तिघांची ही गोष्ट.

मे महिन्यात हवामान खात्याची तापमानाची यादी आली, की आपलं ब्रह्मपुरी बऱ्याचदा वरच्या ओळींत असतं. पारा पंचेचाळिशीच्या पुढे. दुपारी अकरा ते पाच गावात जणू कर्फ्यूच. पेपर संपलेले, क्रिकेट संध्याकाळी, अभ्यासिकेत बसावं तर कूलरही गरम हवाच फेकतो. मग काय? घरी आडवं पडायचं आणि अंगठ्याने रील्स वर ढकलत राहायचं. सहा तास जातात. संध्याकाळी कुणी विचारलं, ‘दिवसभर काय केलं?’ तर सांगायला काहीच नसतं.

या सहा तासांसाठी एक ऑप्शन सुचवायचा आहे. त्याला मैदान लागत नाही, नेटपॅक लागत नाही, टीमही लागत नाही. लागतं एक घट्ट टेबल, लाकडाचा तळहाताएवढा तुकडा आणि दोऱ्यासारखी बारीक करवत.

शिलाई मशीनचा चुलतभाऊ

स्क्रोल सॉ कधी पाहिला नसेल तर आईचं शिलाई मशीन डोळ्यांसमोर आणा. मशीनमध्ये सुई वरखाली होते आणि कापड आपण फिरवतो. इथे सुईच्या जागी बारीक ब्लेड असतं आणि कापडाच्या जागी लाकूड. एक सपाट लोखंडी टेबल, त्याच्या वर-खाली दोन लांब हात, आणि दोन्ही हातांच्या टोकांना ताणून बसवलेलं साधारण पाच इंच लांबीचं ब्लेड. मोटर सुरू झाली की ब्लेड मिनिटाला चारशे ते सोळाशे वेळा वरखाली होतं. ब्लेड आपल्या जागेवरच राहतं. वळायचं असतं लाकडाला. हे एक वाक्य डोक्यात बसलं की निम्मा स्क्रोल सॉ आला समजा.

फर्निचरवाल्याकडची गोल चकतीची कटर सरळ रेषेची राणी आहे. सरळ कापायचं असेल तर तिच्यासारखं कुणी नाही. पण मोराची मान, ‘श’ची वेलांटी, गणपतीची सोंड अशी वळणं तिच्या बसची बात नाही. स्क्रोल सॉ तिथेच कामाला येतो. दुसरी गंमत आतल्या कापाची. समजा तुम्हाला लाकडात मधोमध चांदणी कोरून काढायची आहे, पण कडेने कुठेही चीर नको. मग चांदणीच्या आत ड्रिलने एक छोटं भोक पाडायचं, ब्लेडचं एक टोक सोडवून त्या भोकातून ओवायचं, पुन्हा ताणायचं आणि आतल्या आत कापत जायचं. सुईत दोरा ओवतात तसंच. जुन्या वाड्यांच्या खिडक्यांत दिसणाऱ्या जाळीसारखं काम घरच्या टेबलावर असंच होतं.

नकाशा कापला, कोडं झालं

हे सगळं आजचं नाही. सतराव्या शतकात फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारात आंद्रे-शार्ल बूल नावाचा फर्निचर कारागीर होता. तो पितळेचा आणि कासवाच्या पाठीचा पातळ पत्रा एकावर एक ठेवून बारीक करवतीने एकदमच नक्षी कापायचा. मग पितळेची फुलं कासवाच्या पाठीत आणि कासवाच्या पाठीची फुलं पितळेत अचूक बसायची. एका कापात दोन डिझाइन्स. आजचे छंदी लोक तीन-चार पातळ प्लाय टेपने बांधून एकदम कापतात, ते याच आयडियाचं घरगुती रूप.

पुढे 1760च्या दशकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी या नकाशे बनवणाऱ्या माणसाने लाकडी फळीवर नकाशा चिकटवला आणि देशांच्या सीमांवरून कापला. मुलांनी तो जोडत जोडत भूगोल शिकायचा. आज आपण ज्याला जिगसॉ पझल म्हणतो त्याचा हा जन्म. एकोणिसाव्या शतकात पायडलवर चालणाऱ्या करवती आल्या, अगदी पायाच्या शिलाई मशीनसारख्या, आणि युरोप-अमेरिकेत घरोघरी याचं वेड लागलं. इंग्लंडमध्ये 1895 पासून ‘हॉबीज’ नावाचं साप्ताहिक निघायचं आणि वाचक त्यातली डिझाइन्स लाकडावर चिकटवून कापायचे.

आपल्या देशातही हात बसलेला आहेच. सहारनपूरची लाकडी जाळी आणि म्हैसूरचं शिसवातलं जडावकाम प्रसिद्ध आहे. म्हैसूरचे कारागीर वेगवेगळ्या रंगांच्या लाकडांचे पातळ तुकडे बारीक करवतीने कापून शिसवात बसवतात. महाराष्ट्रात सावंतवाडीची लाकडी खेळणी आहेत. आणि विदर्भात? विदर्भात तान्हा पोळा आहे. त्याच्याकडे येतोच.

लाकूड आपलं, हात कुणाचे?

मार्च 2023 मध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान निघालं, तेव्हा केवढी मोठी शोभायात्रा निघाली होती ते आठवत असेल. त्याच वर्षी मे महिन्यात सुरू झालेल्या संसदेच्या नव्या इमारतीतही इकडचंच सागवान आहे. आलापल्ली आणि बल्लारशाहच्या डेपोंमधला साग देशभरातले व्यापारी लिलावात बोली लावून नेतात. रेषा सुंदर, रंग सोनेरी, अंगचं तेल असल्यामुळे वाळवी लवकर लागत नाही. आपल्याला हे सगळं माहीत आहे आणि त्याचा अभिमानही आहे.

पण लाकूड इथून जातं आणि कोरलं जातं दुसरीकडे. आपल्याकडे उरतो तो डेपो, ट्रक आणि भुसा. यात आपली चूक वगैरे काही नाही, बाजार असाच चालतो. तरीही बारावीपर्यंत सागाच्या सावलीत वाढलेल्या मुलाने आयुष्यात एकदाही सागाच्या तुकड्यावर करवत चालवलेली नसावी, हे जरा विचित्र आहे. समुद्राकाठी राहून पाय ओला न करण्यासारखं.

चांगली गोष्ट ही, की स्क्रोल सॉला ओंडका लागतच नाही. कोणत्याही फर्निचरच्या दुकानासमोर उभे राहा. दाराच्या चौकटी, पलंगाचे पाय कापून झाले की कोपऱ्यात तुकड्यांचा ढीग पडलेला असतो. चार इंची, सहा इंची, त्यांच्या काहीच कामाचे नाहीत. बरेचदा ते चुलीत नाहीतर हिवाळ्यात शेकोटीत जातात. मिस्त्रीला मागाल तर तो आधी विचारेल, ‘कायले पायजे बाबू?’ बैल बनवायचाय म्हटलं तर हसेल, आणि बहुतेक पिशवी भरून देईल. आपला छंद या ढिगावर सहा महिने आरामात चालतो.

आणि हो, फक्त साग नाही. आपल्या जंगलातली लाकडं म्हणजे रंगांचा डबाच आहे. हळदू पिवळसर, शिवण फिकट मलईसारखं, बीजा लालसर तपकिरी, शिसव गडद जांभळट. ही लाकडं वेगवेगळी कापून जिगसॉसारखी जवळ बसवली, की रंगाचा एक थेंबही न वापरता चित्र तयार होतं. वाघाच्या अंगाला बीजा, पट्ट्यांना शिसव, छातीला शिवण. असा वाघ ब्रह्मपुरीच्या पोरांनी नाही बनवायचा तर कुणी?

जंगलात जायचं नाही, म्हणजे नाही

वाघाचा विषय निघालाच आहे तर हे स्पष्ट सांगते. लाकूड हवं म्हणून कुणीही जंगलात जायचं नाही. एक तर ब्रह्मपुरी वनविभागात वाघ फक्त राखीव जंगलात नाही, शिवारातही आहेत. सरपणाला, मोहफुलांना, तेंदूपानांना गेलेल्या माणसांवर हल्ले झाल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. ती माणसं पोटासाठी जातात, त्यांच्याकडे पर्याय नसतो. आपण छंदासाठी तो धोका पत्करण्यात काही शहाणपण नाही.

दुसरं, कायदा. 1927च्या भारतीय वन अधिनियमानुसार जंगलातून लाकूड आणणं गुन्हा ठरतो, आणि साग तर स्वतःच्या शेतातला असला तरी तोडायला परवानगी लागते. लाकडाच्या वाहतुकीलाही परवाना लागतो. म्हणून तुकडे दुकानातूनच घ्यायचे आणि विकत घेतले तर बिल मागायचं. दहा रुपयांच्या तुकड्याला बिल मागताना लाज वाटते, मान्य. पण उद्या वस्तू विकायची वेळ आली, की हीच सवय कामाला येते.

सागाशिवायही भागतं. मशिनरी आणि टाइल्सच्या मालासोबत येणाऱ्या पाइनच्या पेट्या, पॅलेट्स सुरुवातीला बेस्ट. त्यांवर शिक्का असतो, तो बघून घ्या. ‘एचटी’ लिहिलेलं असेल तर लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेलं आहे, ते चालेल. ‘एमबी’ लिहिलेलं असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे, ते सोडून द्या.

चला, नंदी बनवू

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लहान मुलं सजवलेले लाकडी नंदी ओढत आणतात, घरोघरी जाऊन बोजारा गोळा करतात. नागपूरच्या भोसले घराण्यातल्या दुसऱ्या रघूजीराजांनी ही प्रथा सुरू केली असं सांगतात. आपल्यापैकी जवळपास प्रत्येकाच्या घरी माळ्यावर एखादा शिंग तुटलेला नंदी असतोच. स्क्रोल सॉवर शिकण्यासाठी याहून चांगला प्रोजेक्ट नाही, कारण तो आपला आहे आणि तो कुणाला तरी देता येतो.

सोपा प्रकार आधी. बैलाची बाजूची आकृती कागदावर काढा, अर्ध्या-पाऊण इंच जाड तुकड्यावर चिकटवा आणि बाहेरच्या रेषेने कापा. सपाट नंदी तयार. खाली पट्टी आणि चार चाकं जोडली की झालं.

आता जरा भारी प्रकार. दीड इंच जाडीचा चौकोनी ठोकळा घ्या. एका बाजूवर बैलाची बाजूची आकृती चिकटवा, शेजारच्या बाजूवर समोरून दिसणारी. दोन्हींची उंची तंतोतंत सारखी हवी. पहिली आकृती कापून घ्या, पण कापलेले बाहेरचे तुकडे टाकू नका. ते परत जागेवर बसवा आणि टेपने ठोकळा पुन्हा बांधून टाका. मग ठोकळा काटकोनात फिरवा आणि दुसरी आकृती कापा. टेप काढली की तुकडे गळून पडतात आणि आतून चार पायांचा, दोन शिंगांचा, वशिंडवाला अख्खा बैल बाहेर येतो. पहिल्यांदा बघताना जादूच वाटते.

काही गोष्टी आधीच माहीत असलेल्या बऱ्या. ब्लेडचे दात खाली आणि आपल्याकडे तोंड करून असायला हवेत. ब्लेड ताणल्यावर बोटाने छेडलं तर तारेसारखा स्वच्छ ‘टिंग’ आवाज यायला हवा. ‘थप्प’ आवाज आला तर ते ढिलं आहे आणि रेष सोडून पळणार. ब्लेडचा नंबर जितका मोठा तितकं ते जाड. पातळ प्लायला एक-दोन नंबर, पाऊण इंचाला पाच, दीड इंची ठोकळ्याला सात ते नऊ. दोन्ही टोकांना खिळी असलेली ब्लेड बसवायला सोपी, पण त्यांना भोक मोठं लागतं. नाजूक जाळी करायची असेल तर बिनखिळीचीच हवीत. लाकडावर आधी पारदर्शक पॅकिंग टेप लावून घेतली तर ब्लेड कमी तापतं आणि कडा जळत नाहीत. सागात बारीक वाळूसारखा अंश असतो, त्यामुळे धार लवकर जाते. म्हणून ब्लेड डझनाने घ्यायची. ती तुटणारच. पेनातली रिफील संपते तशी.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ढकलायचं नाही. लाकूड जोराने रेटलं की ब्लेड वाकतं आणि वरून सरळ दिसणारा काप खालून तिरपा निघतो. ब्लेडला त्याच्या गतीने खाऊ द्यायचं. घाईत असलेल्या माणसाला हे यंत्र अर्ध्या तासात शांत करतं, कारण त्याच्याकडे दुसरा मार्गच नसतो. एका हाताने मोबाइल धरून हे काम होत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

लेझर आहे ना मग?

हा प्रश्न येणारच. कीचेन, नेमप्लेट, फोटोफ्रेम, सगळं आता लेझर कटिंगवर मिनिटांत होतं. कॉम्प्युटरमध्ये फाइल टाका, शंभर पीस एकसारखे. स्पीडमध्ये स्क्रोल सॉ हरतो, यात वाद नाही. पण छोट्या लेझरचा जीव पातळ प्लायपुरता. दीड इंची साग तो कापत नाही, दोन बाजूंनी कापायचा नंदी त्याला जमत नाही, आणि कापलेल्या कडा काळ्या पडतात. शिवाय लेझरवर डिझाइन करणारा शिकतो सॉफ्टवेअर. स्क्रोल सॉवर काम करणारा शिकतो लाकूड. रेषेच्या दिशेने ते मऊ लागतं, आडवं गेलं की अडतं, गाठीपाशी फुटतं. दोन्ही शिकण्यासारखंच आहे, पण दोन्ही एक नाही.

पैसे मिळतात का?

आपल्या वयात हा प्रश्न टाळून चालत नाही. तर प्रामाणिक हिशेब करू. समजा, स्वस्तातलं यंत्र बारा हजारांना पडलं. एक नंदी कापणं, घासणं, चाकं, पॉलिश धरून अडीच तास लागले. ब्लेड, पॉलिश पेपर, फेव्हिकॉल मिळून चाळीस रुपये खर्च झाला आणि तो दोनशेला विकला. हातात राहिले एकशे साठ, म्हणजे तासाला चौसष्ट रुपये. यंत्राचे पैसे निघायला पंचाहत्तर नंदी विकावे लागतील, आणि तान्हा पोळा वर्षातून एकदाच येतो. त्यामुळे ‘घरबसल्या कमवा’ टाइपच्या स्वप्नात कुणी जाऊ नये.

पण नंदीशिवाय वर्षभर बरंच काही असतं. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. वडसा आपल्यापासून हाकेच्या अंतरावर, आणि तिथून झाडीपट्टीच्या नाटक कंपन्या दिवाळी ते होळी रात्री गाजवतात. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाल्यावर झाडीपट्टी रंगभूमीचं नाव दिल्लीपर्यंत गेलं. मंडईत, नाटकाच्या मंडपाबाहेर झाडीपट्टीची ओळख सांगणारी, खिशाला परवडणारी लाकडी वस्तू ठेवून बघायला काय हरकत आहे? कॉलेजच्या गॅदरिंगला दरवर्षी एकसारखी ॲक्रिलिकची सन्मानचिन्हं देतात. त्याऐवजी सागाच्या तुकड्यातलं कोरीव नाव दिलं तर? ब्लेडचा आणि पेट्रोलचा खर्च निघाला तरी छंद स्वतःच्या पायावर उभा राहिला.

‘तू काय सुतार आहेस का?’

पैशांपेक्षा मोठी अडचण ही आहे. घरात करवत आणली की कुणीतरी हे विचारतंच. प्रश्न साधा वाटतो, पण त्यात दोन गोष्टी लपलेल्या असतात. एक, हे अमुक जातीचं काम आहे. दोन, हे शिकलेल्याने करायचं काम नाही. मुलगी असेल तर तिसरी, हे बाईचं काम नाही. गंमत म्हणजे हाच साग संसदेत गेला की आपण स्टेटस ठेवतो, आणि त्याला आकार देणाऱ्या हातांना मात्र खालचं समजतो.

यावर भांडण्यापेक्षा एक वस्तू बनवून दाखवणं सोपं. स्क्रोल सॉला ताकद लागत नाही, नजर आणि संयम लागतो. आणि छंद म्हणून का होईना, एक जाळी स्वतः कापून बघितली की दाराची चौकट बसवणाऱ्या मिस्त्रीच्या मजुरीत घासाघीस करताना जीभ जरा अडखळते. शिकायला गेलात तर त्याला दादा, काका म्हणा, हातात झाडू घ्या, बघत बसा. त्याच्याइतकं लाकूड कुणालाच कळत नाही.

पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी यांच्या तयारीत आपल्यातल्या अनेकांची तीन-चार वर्षं जातात. निकाल आपल्या हातात नसतो. अशा काळात आठवड्यातून एक गोष्ट अशी असावी, जी आपण सुरू केली आणि आपणच संपवली, हे छोटं नाही.

सुरुवात कशी करायची?

लगेच यंत्र घेऊ नका. आधी हाताची फ्रेट सॉ घ्या. यू आकाराची फ्रेम असते, त्यात तसंच बारीक ब्लेड बसतं, काहीशे रुपयांत काम होतं. टेबलाच्या कडेला व्ही आकाराची खाच असलेली फळी शिकंजाने घट्ट आवळा, खाचेवर लाकूड धरा आणि करवत उभी चालवा. इथे दात खाली, मुठीकडे. म्हणजे खाली ओढताना लाकूड कापलं जातं. तीन मिलिमीटरच्या प्लायवर आधी सरळ रेषा, मग गोल, मग आपल्या नावाचं पहिलं अक्षर. महिनाभर कंटाळा आला नाही तर यंत्राचा विचार करा. दोन-तीन मित्रमैत्रिणींनी मिळून एकच घेतलं तर आणखी बरं.

सेफ्टीत मात्र कंजूषी नको. चष्मा घाला, केस बांधा, ओढणी आणि हातातलं कडं काढून ठेवा. बोटं कधीही ब्लेडच्या समोरच्या रेषेत नकोत. भोकात ब्लेड ओवताना प्लग काढलेला असू द्या. आणि मास्क, तो तर हवाच. लाकडाचा बारीक भुसा साधा वाटतो, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच तो माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला आहे. सागाच्या भुश्याने काहींना अंगाला खाजही सुटते. दार-खिडकी उघडी ठेवा आणि काम झालं की ओल्या फडक्याने पुसून घ्या.

यंदाच्या तान्ह्या पोळ्याला गल्लीतल्या एखाद्या पोरासाठी नंदी बनवून बघा. एक शिंग जरा आखूड झालं तरी चालेल. ते पोरगं तक्रार करणार नाही, दोरी बांधून पळत सुटेल.